दम आधी परततो, हाडं मागून: आजारपणानंतर पुन्हा धावताना

आजारातून उठल्यावर पहिले काही दिवस माणूस आपसूक जपून असतो. पाय लटपटतात, जिना चढताना धाप लागते, घाई करावीशी वाटली तरी शरीर करू देत नाही. खरा धोका येतो पुन्हा धावायला लागल्यानंतरच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात. दम परतलेला असतो, जुना वेग हाताशी आल्यासारखा वाटतो, घड्याळातले आकडे खूश करतात, आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकायला लागते किंवा सकाळी उठल्यावर टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आखडलेली सापडते. आजाराने जेवढे दिवस खाल्ले नसतील तेवढे मग ही दुखापत खाते.

कारण असं, की रक्त, स्नायू, कंडरा आणि हाडं यांचा सावरण्याचा वेग सारखा नसतो. रक्त काही दिवसांत सावरतं, स्नायूंना आठवडे लागतात, कंडरा आणि हाडांना महिने. खालचं वेळापत्रक या चौघांतल्या सगळ्यात संथ गड्याच्या चालीने आखलं आहे. आधी नियमित धावणाऱ्या आणि फ्लू, न्यूमोनिया, डेंग्यू, टायफॉइड, एखादी छोटी शस्त्रक्रिया किंवा लांबलेला अशक्तपणा यामुळे काही आठवडे ते काही महिने धावणं सुटलेल्या माणसासाठी ते आहे. हृदयविकाराचा झटका किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालचा पुनर्वसन कार्यक्रम हाच मार्ग. हा लेख त्याची जागा घेत नाही.

## धावण्याचा विचार करण्याआधी

छातीत दुखणं किंवा दाब जाणवणं, बसल्या जागी धडधड होणं, ठोका चुकल्यासारखं वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, श्रमाच्या मानाने फारच धाप लागणं. यातलं एक जरी असेल तरी बूट बाजूला ठेवा आणि तपासणी करून घ्या. विषाणूंच्या आजारात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात. त्या अवस्थेत जोरात धावलं तर ठोक्यांची लय जिवावर बेतेल इतकी बिघडू शकते. हे निदान झालेल्या खेळाडूंना साधारण ३ ते ६ महिने कष्टाच्या व्यायामापासून दूर ठेवतात आणि ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) यांचे निकाल पाहून हृदयरोगतज्ज्ञ परवानगी देतात. बरं वाटतंय एवढ्यावर हा निर्णय घ्यायचा नसतो.

दुसरी गोष्ट पोटरीची. बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर आखडली असेल म्हणून चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत अचानक दम लागत असेल तर थेट आपत्कालीन विभागात जा.

तिसरी गोष्ट थकव्याची, आणि ती नीट समजून घेतलीच पाहिजे. साधा अशक्तपणा थोड्या हालचालीने दिवसेंदिवस कमी होत जातो. काहींच्या बाबतीत मात्र उलटं घडतं. किरकोळ श्रम केले की १२ ते ४८ तासांनी माणूस कोसळतो: डोकं जड, अंग मोडून आलेलं, झोपूनही थकवा तसाच, आणि हे दिवसेंदिवस टिकतं. कोविडनंतर पुष्कळ लोकांनी हे अनुभवलं. असा अनुभव एकदा जरी आला असेल तर ‘रोज थोडं वाढवत जा’ हा सल्ला तुम्हाला अपाय करेल आणि खालचं वेळापत्रकही तुमच्यासाठी नाही. तुमचा मार्ग ऊर्जा जपून, मोजून खर्च करण्याचा, आणि तो हा त्रास ओळखणाऱ्या डॉक्टरांबरोबर ठरवायचा.

औषधांची यादीही एकदा पाहा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकमुळे कंडरा, विशेषतः टाचेमागची अकिलीस कंडरा, दुखावण्याचा आणि क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. औषध संपल्यावरही हा धोका काही महिने रेंगाळू शकतो. साठीपुढच्या आणि सोबत स्टेरॉइड घेतलेल्या माणसांत तो जास्त असतो. हे औषध झालं असेल तर उड्या, चढ आणि वेगाचे व्यायाम बरेच पुढे ढकला, आणि टाचेमागे नवं दुखणं उमटलं की थांबा. स्टेरॉइडचा लांब कोर्स हाडं आणि स्नायू दोन्ही पोखरतो, तेव्हा खालच्या प्रत्येक पायरीला दुप्पट वेळ द्यावा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठी देतात ते ठोके मंद करणारं औषध) चालू असेल तर ठोके दाबलेले राहतात, म्हणून घड्याळातल्या ठोक्यांवरून जोर ठरवू नका.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणीही, करून घ्या. पुरुषांमध्ये १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांमध्ये १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर ॲनिमिया धरतात. अशा अवस्थेत सराव वाढवून दम वाढत नाही, आधी हिमोग्लोबिन भरून काढावं लागतं. मात्र तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, आणि सुरू केल्या तर चहा-कॉफीबरोबर घेऊ नका. चहा-कॉफीमुळे लोह कमी शोषलं जातं.

ताप असताना धावायचं नाही, याला अपवाद नाही. तापाचं औषध न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल, भूक परतली असेल, आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मोजलेले ठोके तुमच्या नेहमीच्या आकड्याच्या पाचेक ठोक्यांच्या आत आले असतील, तर चालायला सुरुवात करा. पहिल्याच दिवशी धावू नका.

## किती गेलं आणि काय लवकर परततं

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून एक प्रयोग झाला. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता, म्हणजे धावणाऱ्यांच्या तोंडी असलेला व्हीओटू मॅक्स, पाव हिश्श्याहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना ३० वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं. दिलासा असा, की विश्रांतीनंतर दोनेक महिन्यांच्या सरावात ती घट भरून निघाली होती. नुसता सराव सुटला, पण घरात हिंडणं-फिरणं चालू राहिलं, तर घट बरीच सौम्य असते. कसलेल्या खेळाडूंवरच्या एका जुन्या अभ्यासात ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ७ टक्के आणि तीन महिन्यांत १६ टक्क्यांच्या आसपास भरली.

सुरुवातीच्या घसरणीत मोठा वाटा रक्तातल्या पातळ भागाचा, प्लाझ्माचा असतो. तो कमी झाला की हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं आणि जुन्याच वेगाला ठोके भराभर वर जातात. पण हा प्लाझ्मा सराव सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत भरून यायला लागतो. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात अंगात जादू झाल्यासारखं वाटतं. ही जादू खरी आहे, फक्त ती रक्तात झालेली आहे. पायांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो, आणि पोटरीतल्या आतल्या स्नायूवर, सोलियसवर, तर त्याच्याही दुपटीहून जास्त ताण येतो. हाडाला नवा भार मिळाला की ते आधी जुना भाग कोरून काढतं आणि मग नवा भरतं. कोरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला तीनेक महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात हाड आधीपेक्षा थोडं कच्चंच असतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यातल्या नडगीच्या दुखण्याचं गणित इथे आहे. कंडरेचंही काहीसं असंच. धावल्यानंतरचे पहिले २४ ते ३६ तास तिच्यात झीज जास्त आणि भरणी कमी असते, भरणी नंतर वरचढ होते. म्हणून एक दिवसाआड धावायचं. रोज थोडं-थोडं धावणं वरवर सौम्य दिसतं, पण त्यात भरणीची वेळच हुकते.

## चालणं: ही पायरी गाळू नका

पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर १० मिनिटं, गप्पा मारता येतील अशा चालीने. रोज ३ ते ५ मिनिटं वाढवत ३० मिनिटांवर या, मग वेळ तीच ठेवून चाल जलद करा. महिनाभर आजारी असलेल्या माणसाला या टप्प्याला दोन ते तीन आठवडे लागणं अगदी स्वाभाविक आहे. संध्याकाळी झोपावंसं वाटलं किंवा दुसऱ्या दिवशी अंग जड वाटलं, तर आदल्या दिवशीच्या मिनिटांवर परत या आणि दोन दिवस तिथेच राहा.

याच दिवसांत ताकदीचे व्यायाम सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस मोकळा.

पोटरीपासून सुरुवात करा, कारण आजारपणात ती फार लवकर वाळते आणि धावण्यात सगळ्यात जास्त राबते. भिंतीला बोटं टेकून दोन्ही टाचा उचला: दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १५ चे तीन संच. आठवड्याभरात सहज जमलं की एका पायावर ८ चे तीन संच, आणि हळूहळू सलग २० पर्यंत न्या. खाली येताना घाई केली तर व्यायामाचं अर्धं मोल वाया जातं. गुडघा सरळ ठेवून वरचा स्नायू काम करतो, सोलियससाठी गुडघा वाकवावा लागतो: खुर्चीत बसून मांड्यांवर गुडघ्याजवळ ५ ते १० किलो वजन ठेवा आणि टाचा उचला, १५ चे तीन संच. हा दुसरा प्रकार बहुतेक जण सोडून देतात आणि मग पोटरी का भरून येते म्हणून विचारतात.

मांड्यांसाठी हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, १० चे तीन संच. ते सोपं झालं की १५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूच जमिनीला लावून परत वर, प्रत्येक बाजूला ८ चे तीन संच. आरशात पाहा: गुडघा आत, अंगठ्याच्या दिशेने झुकत असेल तर उंची कमी करा. खुब्याच्या मागच्या स्नायूंसाठी पाठीवर झोपून कंबर उचलणं, १२ चे तीन संच. नडगीच्या पुढच्या स्नायूंसाठी भिंतीला पाठ टेकून पायाचे चवडे वर उचलणं, २० चे दोन संच.

धावायची परवानगी स्वतःला कधी द्यायची? खालचं सगळं जमलं की.

- ३० मिनिटं झपाझप चालणं, आठवड्यातून पाच दिवस, दुसऱ्या दिवशी थकवा न उरता
- तीन मजले न थांबता चढून वर पूर्ण वाक्यात बोलता येणं
- प्रत्येक पायावर सलग २० वेळा टाच उचलणं
- एका पायावर ३० सेकंद स्थिर उभं राहणं
- एका पायावर जागच्या जागी १० उड्या, कुठेही न दुखता

शेवटची कसोटी शेवटीच करायची. टाचा उचलणं जमत नसताना उड्या मारून पाहू नका.

## चालत-धावत

अधूनमधून चालत धावण्याची पद्धत जगभर रुजवण्यात जेफ गॅलोवे यांचा मोठा वाटा आहे. ते १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकन धावपटू. चालण्याचे तुकडे म्हणजे हार, असा समज डोक्यातून काढून टाका. दमायच्या आधी चाललं तरच त्याचा उपयोग होतो. दमल्यावर चालणं म्हणजे पावलांची ठेवण बिघडल्यावर चालणं.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. प्रत्येक वेळी आधी ७ ते १० मिनिटं जलद चाल, शेवटी ५ मिनिटं सावकाश चाल. मधला भाग असा:

पायरी १: ३० सेकंद धावणं, ९० सेकंद चालणं, ८ वेळा (एकूण धावणं ४ मिनिटं)
पायरी २: १ मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं, ८ वेळा (८ मिनिटं)
पायरी ३: २ मिनिटं धावणं, २ चालणं, ६ वेळा (१२ मिनिटं)
पायरी ४: ३ मिनिटं धावणं, २ चालणं, ५ वेळा (१५ मिनिटं)
पायरी ५: ५ मिनिटं धावणं, २ चालणं, ४ वेळा (२० मिनिटं)
पायरी ६: ८ मिनिटं धावणं, २ चालणं, ३ वेळा (२४ मिनिटं)
पायरी ७: १२ मिनिटं धावणं, २ चालणं, २ वेळा (२४ मिनिटं)
पायरी ८: २५ मिनिटं सलग

एका पायरीवर किमान तीन वेळा धावा आणि तिन्ही वेळच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ चांगली गेली तरच पुढे जा. सगळं सुरळीत झालं तरी हे आठ आठवडे आहेत, पुढे सांगितलेले हलके आठवडे वेगळे. दहा-बारा लागले तर काही बिघडलं असं नाही. सहा आणि सात या पायऱ्यांत एकूण धावणं मुद्दाम सारखं ठेवलं आहे: तुकडे इतके लांब झाल्यावर सलग धावण्याचा काळ आणि एकूण मिनिटं या दोन गोष्टी एकाच वेळी वाढवल्या की दुखलं तर कशाने दुखलं हे कळत नाही.

आठवड्याला दहा टक्के वाढवण्याचा प्रसिद्ध नियम इथे लावू नका. चार मिनिटांचे दहा टक्के म्हणजे २४ सेकंद, त्याला अर्थ नाही. तो पुढे, सलग अर्धा तास धावायला लागल्यावर उपयोगी पडतो. तिथेही आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका धावण्याची लांबी जास्त महत्त्वाची. गेल्या महिन्यातल्या सगळ्यात लांब धावण्यापेक्षा एकदम खूप लांब जाणं, हे दुखापतीचं फार ओळखीचं कारण आहे.

सगळ्यांनी पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करावी असंही नाही. आठवडाभराची सुट्टी झाली असेल तर दोन-तीन दिवस निम्म्या अंतराचं हलकं धावणं पुरतं. दोन ते चार आठवडे गेले असतील आणि कसोट्या पार झाल्या असतील तर चौथ्या पायरीपासून. त्याहून जास्त काळ गेला असेल, रुग्णालयात राहावं लागलं असेल किंवा वजन चांगलंच उतरलं असेल तर पहिल्यापासून.

## किती जोरात

पहिले आठ आठवडे एकच जोर: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या ६ ते २० च्या श्रम-मोजपट्टीवर हे ११ ते १३ च्या दरम्यान येतं.

ठोक्यांवरून जोर ठरवायचा असेल तर २२० वजा वय या सूत्रावर फार विसंबू नका. एखाद्या माणसाच्या बाबतीत ते सहज दहा-बारा ठोक्यांनी चुकतं. शिवाय आजारानंतर ठोके मुळातच वर असतात. चार-सहा महिन्यांपूर्वी ज्या ठोक्यांना तुम्ही आरामात बोलत होता, त्याच ठोक्यांना आज वेग किती येतो ते लिहून ठेवा. प्रगती मोजायची खरी पट्टी ही. जुना वेग गाठायचा हट्ट धरलात तर प्रत्येक हलकं धावणं शर्यत होऊन बसतं, आणि हीच चूक अनुभवी धावपटू नवख्यांपेक्षा जास्त करतात. त्यांना आपला ‘सोपा’ वेग पाठ असतो. आजारानंतर तो सोपा राहिलेला नसतो. पहिले काही आठवडे घड्याळावर वेगाचा आकडा झाकूनच ठेवावा.

पावलं आखूड ठेवा. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर ती १६८ करून पाहा, वेग तोच ठेवून. पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता खालीच पडतं आणि गुडघ्या-खुब्यावरचा ताण कमी होतो. फोनमधला मेट्रोनोम (ठरलेल्या तालावर टकटक करणारं ॲप) यासाठी पुरतो. उताराचे रस्ते पहिले सहा आठवडे टाळा, उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच काम करतात आणि अशक्त स्नायू त्यातच फाटल्यासारखे दुखतात. उन्हात तर दुहेरी मार बसतो: प्लाझ्मा आधीच कमी, त्यात घाम. उष्णतेची सवय शरीराला नव्याने लावावी लागते आणि तिला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तोवर पहाटे किंवा संध्याकाळी धावा.

## दुसऱ्या दिवसाची सकाळ

धावताना कसं वाटलं यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं याला जास्त किंमत द्या. वही ठेवा. उठल्यावर चार गोष्टी: ठोके, झोप कशी झाली, पायाचं दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि आज काही करावंसं वाटतंय का. दोन मिनिटांचं काम आहे.

ठोके नेहमीपेक्षा ७ ते १० ने वर असतील तर त्या दिवशी फक्त चालणं. दोन दिवस लागोपाठ वर असतील तर नवं आजारपण येतंय का ते पाहा: घसा, ताप, अंगदुखी. दुखणं ३ पर्यंत असेल आणि चालता-चालता विरत असेल तर त्याच पायरीवर राहायला हरकत नाही. ४ किंवा अधिक असेल, किंवा लंगडायला होत असेल, तर धावणं बंद. ‘काही करावंसं वाटत नाही’ ही नोंद तीन दिवस सलग आली तर मागच्या पायरीवर जा. हा आळस असतो असं समजून स्वतःला ढकलू नका, आजारानंतरची मरगळ ही बहुतेक वेळा शरीराची हिशेबाची वहीच असते.

## पाचवा ते दहावा आठवडा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून इथे नियम सगळ्यात कडक ठेवा. या काळात नवे बूट, नवा रस्ता आणि जास्त अंतर यातलं एका आठवड्यात एकच बदला. चौथा आठवडा आणि आठवा आठवडा हलका ठेवा: तीनऐवजी दोनच दिवस धावणं, तेही आधीच्या पायरीवरचं.

कोणतं दुखणं कोणतं, हे ओळखता आलं पाहिजे.

स्नायूंचं दुखणं पसरट असतं, दोन्ही पायांत साधारण सारखं, दोन दिवसांत ओसरतं. त्याला घाबरू नका. अकिलीस कंडरेचं दुखणं सकाळच्या पहिल्या पावलांना जास्त, मग गरम झाल्यावर कमी होतं, आणि म्हणूनच फसवं. त्यावर पूर्ण विश्रांतीही बरी नाही: धावणं दोन पायऱ्या मागे घ्या आणि टाचा उचलण्याचा व्यायाम सावकाश, वजन वाढवत चालू ठेवा. टाचेखाली सकाळी टोचणं हा तळपायाच्या पट्ट्याचा त्रास, त्यालाही पोटरीची ताकद वाढवण्याचा उपयोग होतो.

हाडाचं दुखणं बोटाने दाखवता येतं. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला एका नाण्याएवढ्या जागी दाबलं की कळ येते, एका पायावर उडी मारली की तिथेच दुखतं, आणि पुढे रात्री झोपेतही ठणकतं. तिथे ‘थोडं धावून पाहू’ चालत नाही. धावणं थांबवा आणि तपासून घ्या. सुरुवातीच्या एक्स-रेत हाडाची ताणतड (सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर) बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं तसंच असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. जांघेत खोलवर दुखत असेल आणि पायावर भार घेताना वाढत असेल तर त्याच दिवशी दाखवा. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागाला, गेलेली तड वाढून पूर्ण मोडली, तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते.

खाण्याच्या बाबतीत एकच आग्रह: या तीन महिन्यांत वजन उतरवायला जाऊ नका. कमी खाऊन धावणाऱ्याचं हाड भरतच नाही, आणि स्त्रियांमध्ये पाळी लांबली किंवा बंद झाली तर ती सरळ धोक्याची खूण समजा. प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम, तीन-चार जेवणांत वाटून.

## खंड पडला तर

एक दिवस चुकला तर तो भरून काढू नका, पुढच्या ठरल्या दिवशी तीच पायरी करा. आठवडा चुकला तर एक पायरी मागे, दोन आठवडे चुकले तर दोन. साधी सर्दी असेल, त्रास फक्त नाक-घशापुरता असेल, तर चालणं चालेल. ताप, छातीतला खोकला, अंगदुखी किंवा पोट बिघडलेलं असेल तर काहीच नाही, आणि पुन्हा ताप उतरल्यानंतरच्या २४ तासांपासून मोजायला सुरुवात. दुसऱ्यांदा आजारी पडल्यावर माणूस चिडून पहिल्या वेळेपेक्षा लवकर बाहेर पडतो. तेव्हा वही उघडून आधीचे ठोके पाहा आणि त्यांच्यावरच निर्णय सोडा.

## वेग

२५ मिनिटं सलग धावणं सहज झालं की पुढचे चार आठवडे फक्त वेळ वाढवा: एका दिवशी ३०, मग ३५, मग ४० मिनिटं, बाकीचे दोन दिवस २५ वरच. चौथा दिवस जोडायचा असेल तर तो १५ मिनिटांचाच जोडा. वेग याच्याही नंतर.

पहिली पायरी म्हणजे हलक्या धावण्याच्या शेवटी २० सेकंदांच्या चार मोकळ्या धावा, पूर्ण जोराच्या ऐंशी टक्क्यांनी, प्रत्येकीनंतर दीड मिनिट चालणं. आठवड्यातून एकदाच. दोन आठवडे हे पचलं तर सहा धावा. मग ३ मिनिटं जरा जोरात, २ मिनिटं अगदी सावकाश, असे चार तुकडे. जोर इतकाच की छोटं वाक्य बोलता यावं. चढाचे तुकडे पोटरी आणि अकिलीसवर जास्त ताण टाकतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी. शर्यतीत नाव नोंदवायचंच असेल तर सलग ४० मिनिटं धावायला लागल्यापासून किमान सहा आठवड्यांनंतरची तारीख निवडा, आणि पहिल्या शर्यतीत पहिला एक तृतीयांश भाग बोलता येईल अशाच वेगाने काढा.